छोट्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकसाठी घरी काय घ्यावे : तेल, फिल्टर, गेज आणि होज यांचे परीक्षण

नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांत नऊ-दहा फुटी ओळींमधून आणि मांडवाखालून चालणारा १५ ते २८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर आता घरोघरी झाला आहे. त्याच्या इंजिनाची काळजी बहुतेक बागायतदार बऱ्यापैकी घेतात. एअर क्लीनर झाडला जातो, इंजिन ऑइल तासांचा मीटर पाहून बदलले जाते. हायड्रॉलिककडे, म्हणजे तेलाच्या दाबाने मागचे अवजार उचलणाऱ्या यंत्रणेकडे, मात्र लिफ्ट उचलेनाशी होईपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही, आणि ती वेळ हमखास गोडी छाटणीनंतर (ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीनंतर), डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीने फवारणीवर फवारणी चालू असताना येते. त्या दिवसांत मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर सुटा भाग मिळत नाही. म्हणून ही देखभाल जेवढी घरी होण्यासारखी आहे तेवढी घरी करावी, असे ठरवून बाजारातून वेळोवेळी जे साहित्य घेतले आणि ज्या सेवा वापरल्या, त्यांचे हे परीक्षण आहे. माझ्याकडचा ट्रॅक्टर २० ते २५ अश्वशक्तीच्या गटातला, चारही चाकांना जोर असलेला आहे. ज्या मालाने किंवा सेवेने त्रास दिला त्यांची नावे दिलेली नाहीत, कारण दोष एखाद्या नावाचा नसून त्या प्रकारच्या मालाचा आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. लिफ्टच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी पंपाच्या अलीकडे, म्हणजे तेल, जाळी, फिल्टर आणि सक्शनच्या (पंपाकडे तेल ओढणाऱ्या) नळीत जन्म घेतात; तिथला दाब नगण्य असतो, हत्यारे साधी लागतात आणि ही बाजू मालकाने सांभाळावी. पंपाच्या पलीकडे दीडशे बारच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या दीडशे पटीहून जास्त दाब असतो. तिथे मालकाने पाहावे, मोजावे, पण उघडू नये. घरी बाळगायच्या वस्तूंवर पैसे खर्च करतानाही हीच सीमारेषा ध्यानात ठेवावी.

रचना थोडक्यात अशी असते. इंजिनावर चालणारा गिअर पंप मागच्या हौसिंगमधून (गिअरच्या पेटीतून) जाळीवाटे तेल ओढतो आणि कंट्रोल व्हॉल्व्हकडे पाठवतो. लिव्हर वर केला की तेल सीटखालच्या सिलिंडरमध्ये शिरते, पिस्टन ढकलला जातो आणि लिफ्ट आर्म वर येतात. लिव्हर खाली केला की अवजार स्वतःच्याच वजनाने उतरते, त्याला खाली दाबणारे काही नसते. काम नसताना तेल जवळपास बिनदाबाने फिरून परत हौसिंगमध्ये येते. पॉवर स्टिअरिंग असलेल्या काही मॉडेलांत हेच तेल आधी स्टिअरिंगला पुरवले जाते, त्यामुळे स्टिअरिंग जड होणे आणि लिफ्ट मंदावणे या दोन्ही तक्रारी एकदम आल्या, तर पहिला संशय तेलाच्या पातळीवर आणि जाळीवर घ्यावा.

सर्वांत मोठा खर्च तेलाचा, आणि सर्वांत अधिक गोंधळही त्याच्याच भोवती. छोट्या ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिकची वेगळी टाकी सहसा नसते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तेलात बुडालेले ब्रेक आणि लिफ्ट या चौघांचे काम मागच्या हौसिंगमधले एकच तेल करते. दुकानात जाऊन नुसते ‘हायड्रॉलिकचे तेल द्या’ म्हटले, तर पुष्कळदा ६८ नंबरचे तेल समोर येते. हे तेल वेगळी टाकी असलेल्या यंत्राला योग्य असते, पण इथे नाही. ६८ हा आकडा तेलाचा फक्त घट्टपणा सांगतो, तोही ४० अंश सेल्सिअसला. गिअरच्या दातांवरचा भार सोसण्यासाठी आणि ओल्या ब्रेकच्या चकत्यांना योग्य पकड देण्यासाठी लागणारे घटक त्यात असतीलच असे नाही. दुसऱ्या टोकाला ‘गिअरबॉक्सच आहे ना, मग ९० नंबर टाका’ असा सल्ला देणारेही भेटतात. ते तेल ओल्या ब्रेकला मानवत नाही, आणि निफाडकडे जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा सकाळी ते इतके घट्ट होते की पंपाला ओढवत नाही.

लागते ते यूटीटीओ (युनिव्हर्सल ट्रॅक्टर ट्रान्समिशन ऑइल) नावाने ओळखले जाणारे, ट्रॅक्टरच्या ट्रान्समिशन आणि हायड्रॉलिक या दोन्हींसाठी बनवलेले तेल. बादलीवर जॉन डिअरचे जे-२०-सी किंवा मॅसी फर्ग्युसनचे एम-११३५, एम-११४३ असे मानक छापलेले असते, आणि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जे मानक दिले आहे ते बादलीवर आहे की नाही एवढेच पाहायचे असते. मी तीन प्रकारचे तेल वापरून पाहिले. ट्रॅक्टर कंपनीच्या नावाची बादली आणि मोठ्या तेल कंपनीची, तेच मानक छापलेली बादली यांच्यात ब्रेकचा आवाज, लिफ्टचा वेग किंवा थंडीतली पंपाची कुरकुर यांपैकी कशातही मला फरक जाणवला नाही. फरक होता तो किमतीत. वॉरंटीच्या काळात मात्र कंपनीचेच तेल घेऊन पक्के बिल जपून ठेवणे शहाणपणाचे, कारण पंप बिघडल्यास पहिली मागणी त्या बिलाची होते. तिसरी बादली ‘ट्रॅक्टर स्पेशल’ असे ठळक लिहिलेली, पण कुठलेही मानक न छापलेली होती. तिची किंमत आकर्षक होती, रंगही सोनेरी होता, आणि पहिल्याच हंगामात रोटाव्हेटर तासभर चालला की तेलावर फेस यायचा व ब्रेक दाबताना मागून थरथर जाणवायची. तेल बदलल्यावर दोन्ही तक्रारी गेल्या. मानक न छापलेली बादली फुकट मिळाली तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

तेल किती लागते हे मॉडेलप्रमाणे बदलते; पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. नव्या ट्रॅक्टरचा पहिला बदल बहुतेक पुस्तिकांत ५० तासांच्या आसपास सांगितलेला असतो, कारण नवे गिअर एकमेकांत बसताना पडणारा लोखंडाचा बारीक भुगा तेव्हाच काढून टाकायचा असतो. तो चुकवला तर पुढे कितीही महाग तेल घातले तरी भुगा पंपातून फिरतच राहतो. पातळी पाहताना ट्रॅक्टर सपाटीवर, इंजिन बंद आणि लिफ्ट पूर्ण खाली हवी. लिफ्ट वर असताना सिलिंडरमध्ये अडकलेले तेल डिपस्टिकवर दिसत नाही, पातळी कमी भासते, आणि वरून तेल ओतले की लिफ्ट उतरताच ते जास्तीचे ठरते. जास्तीचे तेल गिअर घुसळतात, त्यात हवा मिसळते आणि पुन्हा फेस.

तेल दुधाळ किंवा चहासारखे दिसू लागले, तर त्यात पाणी गेले आहे. द्राक्षपट्ट्यात याचे एक खास कारण आहे. दिवसभर ब्लोअर (पंख्याच्या हवेने औषध फवारणारे यंत्र) चालवल्यावर औषधाचा थर जावा म्हणून त्याच फवारणी पंपाच्या गनने ट्रॅक्टर धुतला जातो, आणि गनचा झोत हौसिंगच्या ब्रीदरवर (हवा जाण्या-येण्याच्या छिद्रावर), गिअर लिव्हरच्या रबरी टोपीवर आणि पीटीओच्या (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) सीलवर बसतो. टोपी चिरली असेल तर पाणी थेट आत. ही टोपी फार किरकोळ किमतीत मिळते. एक जादा आणून ठेवावी. या परीक्षणातली सर्वांत स्वस्त आणि पैशाच्या मानाने सर्वांत उपयोगी वस्तू हीच ठरली.

आता जाळी आणि फिल्टर. काही मॉडेलांत हौसिंगच्या बुडाशी काढून धुता येणारी तारेची जाळी असते, काहींत डब्यासारखा फिरवून बसवायचा फिल्टर, काहींत दोन्ही. जाळी डिझेलमध्ये धुवावी, हवा आतून बाहेर मारावी, आणि पुसायला वेस्ट कॉटन अजिबात वापरू नये, कारण त्याचा एखादा धागा पुढे कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये (आत सरकणाऱ्या दांडीत) अडकला तर लिफ्ट अर्ध्यावर थांबण्याचे कारण आठवडाभर सापडत नाही. जुनी सुती धोतराची घडी उत्तम. जाळीवर किंवा ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय साठले आहे ते पुसण्याआधी उन्हात धरून पाहावे. बोटांवर काजळासारखा मऊ करडा लेप लागला तर ती नेहमीची झीज. नखाला टोचणारे, चमकणारे कीस दिसले तर गिअर किंवा बेअरिंग बोलते आहे. काळे रबरी तुकडे निघाले तर कुठले तरी सील सुटत चालले आहे. हे पाच मिनिटांचे निरीक्षण कोणत्याही सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डावर मला कधी लिहिलेले दिसले नाही.

डब्याच्या फिल्टरबाबत बाजारातला सापळा सांगणे आवश्यक आहे. मूळ फिल्टर महाग वाटतो, आणि त्याच आट्याचा, त्याच उंचीचा, निम्म्या किमतीचा फिल्टर दुकानदार पुढे करतो. तो घट्ट बसतो, गळत नाही, सगळे ठीक दिसते. पण तो पुष्कळदा इंजिन ऑइलचा फिल्टर असतो. इंजिनात ऑइल पंप तेलाला मागून काही बार दाबाने फिल्टरमधून ढकलतो, त्यामुळे कागद दाट असला तरी चालते. हायड्रॉलिकचा फिल्टर पंपाच्या अलीकडे असेल, तर तेलाला ढकलणारे बळ म्हणजे फक्त हवेचा दाब, जेमतेम एक बार. दाट कागदातून तेवढ्या बळावर पंपाला पुरेसे तेल मिळत नाही, सक्शनमध्ये पोकळी तयार होते, तेलात बुडबुडे सुटतात आणि पंपाच्या आत दाब चढताच ते फुटून धातूला खड्डे पाडतात. बाहेरून ऐकू येते ती फक्त एक किणकिण, विशेषतः थंडीत सकाळी, आणि ‘तेल गरम झाले की जाईल’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. अशा एका नकली फिल्टरचा कागद कापून पाहिला असता घड्या मूळ फिल्टरपेक्षा बऱ्याच कमी निघाल्या, म्हणजे तेल झिरपण्याचे क्षेत्रफळही कमी. फिल्टरवर पैसे वाचवू नयेत, हा सल्ला सगळेच देतात. माझे म्हणणे त्याहून नेमके आहे. इंजिनाच्या फिल्टरसाठी नावाजलेला दुसरा ब्रँड चालेल, पण सक्शनच्या फिल्टरसाठी पार्ट नंबर जुळल्याशिवाय कोणताही पर्याय घेऊ नये.

बसवताना रबरी कडेला नवे तेल लावून, कड टेकल्यावर हाताने पाऊण फेरा फिरवावा, पाना लावू नये. नंतर इंजिन कमी फेऱ्यांवर सुरू करून लिफ्ट हळूहळू वर-खाली केली की आत अडकलेली हवा निघून जाते. सक्शनच्या नळीवरची क्लिपही याच वेळी तपासावी. तिथे सैलपणा असेल तर तेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत ओढली जाते. जमिनीवर थेंब नाही, तेल मात्र फेसाळलेले, असे कोडे दिसले की उत्तर बहुधा या क्लिपमध्येच असते. क्लिपवर ग्रीसचा जाड थर लावून पाहावा. आवाज तात्पुरता बदलला, तर हवा तिथूनच येते आहे.

ओ-रिंगचा डबा, म्हणजे खणाखणांत निरनिराळ्या मापांच्या शेकडो काळ्या रिंगा असलेली प्लॅस्टिकची पेटी, ऑनलाइन फार स्वस्त मिळते आणि दिसायला मोहक असते. माझे मत त्याबद्दल मध्यम आहे. बाहेरच्या नळ्यांच्या जोडण्या, डिपस्टिकचे बूच, फिल्टरचे झाकण अशा ठिकाणी या रिंगा कामी आल्या. पण पेटीतल्या रिंगांचे माप आतल्या व्यासापर्यंत बरोबर असले, तरी जाडीत फरक आढळतो, आणि जाडीतला अर्धा मिलिमीटर दाबाच्या जागी फार होतो. लिफ्टच्या पिस्टनवरची रिंग, तिच्याशेजारची बॅकअप रिंग आणि कंट्रोल व्हॉल्व्हच्या रिंगा कंपनीच्याच किटमधून घ्याव्यात. ड्रेन प्लगसाठी तांब्याचे वायसर मात्र डझनाने आणून ठेवावेत. जुनेच वायसर वापरायची वेळ आली, तर ते लाल होईपर्यंत तापवून थंड केले की पुन्हा मऊ होते.

या सर्व वस्तूंत ज्या एकीने देखभालीकडे पाहण्याची पद्धत बदलली, ती म्हणजे प्रेशर गेज. ० ते २५० बारचे, ग्लिसरिन भरलेले, पाव इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्याचे गेज, हातभर होज (दाब सोसणारी रबरी नळी) आणि क्विक कपलरचा नर भाग हे सगळे मिळून खर्च मिस्त्रीच्या एका फेरीपेक्षा फारसा जास्त होत नाही. ग्लिसरिनचे गेज आवर्जून घ्यावे. कोरड्या गेजचा काटा पंपाच्या स्पंदनांनी इतका थरथरतो की आकडा वाचता येत नाही आणि आतली दातेरी चक्रे लवकर झिजतात. ज्या ट्रॅक्टरला ट्रॉलीसाठी किंवा पलटी नांगरासाठी बाहेरची हायड्रॉलिक जोडणी दिलेली आहे, त्याला हे गेज एका मिनिटात बसते. नसेल तर चाचणीच्या प्लगच्या आट्याला जुळणारा अडॅप्टर शोधावा लागतो, आणि जपानी मूळ असलेल्या मॉडेलांत तो शोध कंटाळवाणा होतो. एवढा एक गुण या वस्तूचा कमी करावा लागेल.

वापरण्याची पद्धत साधी आहे. तेल कामाच्या तापमानाला येऊ द्यावे, इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांवर ठेवावे, बाहेरच्या जोडणीचा लिव्हर दोन-तीन सेकंद धरून काटा पाहावा आणि सोडून द्यावा. रिलीफ व्हॉल्व्हचा, म्हणजे जास्तीचा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचा, दाब मॉडेलनुसार वेगळा असतो, पण छोट्या ट्रॅक्टरांत तो बहुधा १५० ते १९० बारच्या पट्ट्यात सापडतो. काटा ठरलेल्या दाबाला पोहोचला आणि तरीही लिफ्ट उचलत नसेल, तर पंप निर्दोष समजून पुढे शोधावे. काटा पूर्ण फेऱ्यांवर पोहोचतो पण इंजिन मंद केले की घसरतो, तर पंप झिजला असण्याची शक्यता मोठी. एक मर्यादा लक्षात ठेवावी की गेज दाब दाखवते, मिनिटाला किती लिटर तेल येते ते दाखवत नाही. त्यासाठी फ्लो मीटर लागतो, आणि तो घरी बाळगण्याची वस्तू नव्हे.

गेजइतकीच उपयोगी एक चाचणी फुकट आहे. सीटखाली किंवा सीटच्या पुढे लिफ्ट उतरण्याचा वेग कमी-जास्त करणारी जी मूठ असते, ती अनेक मॉडेलांत कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्या मधोमध असते. रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करावे आणि खालच्या लिंकच्या बॉलपासून जमिनीपर्यंतचे अंतर टेपने मोजून ठेवावे. अर्ध्या तासात ते लक्षणीय कमी झाले, तर पुन्हा उचलून या वेळी ती मूठ पूर्ण बंद करावी आणि तेवढाच वेळ थांबावे. आता लिफ्ट जागची हलली नाही, तर गळती व्हॉल्व्हकडे आहे; तरीही उतरत राहिली, तर पिस्टनची रिंग किंवा सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दोषी. या एका उत्तरावर मिस्त्रीने कोणते झाकण उघडायचे ते ठरते, आणि सगळे उघडून पाहण्याची मजुरी वाचते. इंजिन चालू असताना लिफ्ट दर काही सेकंदांनी हिसका देत राहते, तिचेही मूळ हेच असते. लिफ्ट थोडी बसते, व्हॉल्व्ह ती पुन्हा उचलतो. चाचणी चालू असताना अवजाराखाली हातपाय घालायचे नाहीत, आणि खाली काम करायचेच असेल तर जाड लाकडी ठोकळे लावायचे, विटा नव्हेत, कारण वीट भार येताच पूर्वसूचना न देता फुटते.

गेज घरात आले की एक मोहही येतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे पातळ चकती घालून दाब वाढवून देणारे मिस्त्री सगळीकडे आहेत, आणि तशी ‘सेवा’ मलाही देऊ करण्यात आली होती. ती नाकारावी. लिफ्ट कमी उचलते यामागचे खरे कारण पुष्कळदा दाबात नसून लांबीत असते. महिंद्राचा जिवो २४५ किंवा कुबोटाचा निओस्टार ए-२११ यांसारख्या मॉडेलांची उचलक्षमता ७५० किलो सांगितली जाते, पण क्षमतेचा आकडा खालच्या लिंकच्या टोकाशी मोजलेला असेल, तर मागे लांब वजन असलेल्या अवजाराला तो लागू पडत नाही. टोकापासून ६१० मिलिमीटर मागे मोजले की आकडा उतरतो. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेच्या चाचणी अहवालांत मॉडेलनिहाय उचलक्षमता, पंपाचा प्रवाह आणि रिलीफचा दाब दिलेला असतो. ट्रॅक्टर घेण्याआधी जाहिरातीपेक्षा तो अहवाल वाचलेला बरा. मागे टांगलेल्या ब्लोअरच्या टाकीत पाणी कमी भरणे किंवा ओढून न्यायचा ब्लोअर घेणे हा त्यावरचा उपाय आहे, चकती हा नव्हे. वाढवलेल्या दाबाने पंपाचे शाफ्ट सील फुटू शकते, आणि ज्या रचनेत पंप इंजिनाच्या टायमिंग गिअरवर बसतो तिथे हायड्रॉलिकचे तेल इंजिनाच्या चेंबरमध्ये उतरते. इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, तर आनंद मानू नये.

होज बनवून घेण्याच्या सेवेचा अनुभव दोन टोकांचा आहे. नाशिकला अंबड आणि सातपूर एमआयडीसीच्या आसपास होज क्रिंप करून, म्हणजे टोकांना धातूची जोडणी दाबून बसवून, देणारी बरीच दुकाने आहेत. त्यांतल्या ज्या दुकानात मी आता जातो, तिथे जुना होज समोर ठेवल्यावर आधी दाब किती ते विचारले जाते, दोन्ही टोकांच्या एल्बोंमधला कोन जुळवला जातो, कापल्यावर आतला रबराचा व तारांचा भुगा हवेने झाडला जातो आणि तयार होजच्या तोंडांना टोप्या लावून तो हातात दिला जातो. गावाजवळच्या एका दुकानात यांपैकी काहीच झाले नाही. होज चकाचक होता, पण त्यातला भुगा घरी येऊन डिझेलने धुतल्यावर तळहातावर उतरला. तो तसाच बसवला असता तर थेट व्हॉल्व्हमध्ये गेला असता. होजवर काय छापले आहे तेही वाचावे. तीन अष्टमांश इंची १-एसएन होजला, म्हणजे तारेची एक वेणी असलेल्याला, कामाचा दाब १८० बारचा. त्याच मापाच्या दोन वेण्यांच्या २-एसएनला ३३० बारचा. रिलीफ १७०-१८० बारला उघडत असेल तर एका वेणीचा होज अगदी काठावर चालतो. दोन्हींच्या किमतीतला फरक इतका थोडा आहे की दोन वेण्यांचाच घ्यावा, मात्र तो कमी वाकतो हे लक्षात घेऊन लांबी थोडी जास्त धरावी. गंधक आणि तांब्याची औषधे सतत अंगावर येणाऱ्या होजचे वरचे रबर लवकर तडकते. त्यावर जुनी सायकल ट्यूब चढवण्याची गावठी युक्ती उत्तम चालते, फक्त वर्षातून एकदा ती सरकवून आतला गंज पाहावा.

गळती शोधताना होजवरून बोट फिरवण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडावी. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दीडशे बारने सुटलेले तेल कातडीच्या आत शिरते. जखम मुंगी चावल्याएवढी दिसते, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट वाचवण्यासाठी शस्त्रक्रियेची वेळ येते. असे झाले तर मलमपट्टी करत बसू नये, लगेच मोठे रुग्णालय गाठून तेल दाबाने आत गेले आहे असे सांगावे. द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा काठीला बांधून होजजवळून फिरवला की फवारा पुठ्ठ्यावर दिसतो. त्याहून वेगळे उपकरण विकत घेण्याची गरज नाही.

घरपोच सर्व्हिस देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याबद्दलही लिहिले पाहिजे. वॉरंटीत असेपर्यंत ती सेवा घ्यावीच, आणि पंप, व्हॉल्व्ह, पिस्टन यांच्या कामासाठी नंतरही घ्यावी, कारण टॉर्क पाना, सील बसवण्याचे साचे आणि स्वच्छ खोली त्यांच्याकडे असते. पण तेल आणि फिल्टरच्या साध्या कामासाठी आलेल्या तंत्रज्ञाने माझ्याकडे एकदा जुने तेल इंजिन थंड असतानाच सोडले आणि जाळी बाहेर न काढता केवळ फिल्टर बदलून बिल केले. तेल गरम असताना सोडले तर तळाचा गाळ सोबत वाहून येतो. थंड तेल गाळ मागे ठेवते. तेव्हापासून हे काम मी खरड छाटणी (एप्रिलच्या सुमाराची) आटोपल्यानंतरच्या सवडीत घरीच करतो, आणि विक्रेत्याकडून फक्त फिल्टर, जाळीचे गॅस्केट आणि पिस्टन किट पार्ट नंबर सांगून मागवतो. भाग मिळायला गोडी छाटणीच्या तोंडावर पंधरवडाही लागतो, मेअखेरीस मागवले तर दोन-तीन दिवसांत येतात.

काढलेले तेल झाकणाच्या कॅनमध्येच भरून ठेवावे. खांबांना लावायला, धुळीवर शिंपडायला किंवा बांधावर ओतायला ते वापरण्याची पद्धत अजून गावोगाव आहे, परंतु वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि निर्यातीची बाग असेल तर मातीत तसले काही मुरवणे स्वतःच्याच मुळावर येते. ज्या दुकानातून नवी बादली घेतो तिथेच जुना कॅन परत घेतात. अधिकृत गोळा करणाऱ्याकडे ते पुढे जाते का, हे एकदा विचारून घ्यावे, आणि उत्तर गोलमाल आले तर बादली दुसरीकडून घ्यावी.